औषध देऊनही मुलाचा ताप चार तासांत परत चढतो, डोस कमी पडतोय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा 2 वर्षांचा, वजन 12 किलो, कालपासून 103 ताप. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिली दिलं की दीड तासाने 101.5 वर येतो आणि चार तासांत पुन्हा 103. मग डोस वाढवायचा, आयब्युप्रोफेन जोडीला द्यायचं, की गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या?

आधी डोसचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. तुम्ही किती मिली दिलं ते सांगितलंत, पण बाटलीवर काय लिहिलंय ते सांगितलं नाहीत. मुलांचं पॅरासिटामॉल मिलिग्रॅममध्ये ठरतं आणि तेही वजनावर: एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 12 किलोच्या मुलाला 120 ते 180 मिलिग्रॅम. आता तुमचे तेच 5 मिली वेगवेगळ्या बाटल्यांतून काढून बघा. लेबलवर ‘5 मिलीत 120 मिलिग्रॅम’ असेल तर त्याला 120 मिळाले. चुकीचे नाहीत, पण खालच्या टोकाचे. ‘5 मिलीत 250’ असेल तर दर किलोला जवळजवळ 21 झाले, म्हणजे जास्त. आणि बाटली तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्सची असेल, ज्यात एका मिलीतच 100 मिलिग्रॅम असतात, तर 500 मिलिग्रॅम पोटात गेले. एका वेळच्या कमाल डोसच्या पावणेतीन पट. ड्रॉप्सची बाटली इवलीशी असते म्हणून औषध सौम्य असणार असं वाटतं. प्रत्यक्षात तान्ह्या बाळाला जास्त पातळ औषध पाजता येत नाही, म्हणून ते मुद्दाम घट्ट प्रमाणात बनवलेलं असतं.

हिशोब सोपा आहे. वजन गुणिले 15, आलेल्या आकड्याला एका मिलीतल्या मिलिग्रॅमने भागायचं. 120 वाल्या सिरपमध्ये एका मिलीत 24 मिलिग्रॅम, 250 वाल्यात 50, ड्रॉप्समध्ये 100. तुमच्या मुलाचे 180 मिलिग्रॅम म्हणजे अनुक्रमे 7.5 मिली, 3.6 मिली आणि 1.8 मिली. ही वरची मर्यादा झाली. दोन डोसांमध्ये निदान 4 तास, शक्यतो 6, आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त डोस नाहीत. बाळ 3 महिन्यांच्या आतलं असेल, यकृताचा आजार असेल, किंवा मूल खूप अशक्त असून दोन-तीन दिवस काही खाल्लेलंच नसेल, तर हा हिशोब घरी करू नका, डॉक्टरांनाच विचारा. वजनही आत्ताचं घ्या. सहा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवरचा डोस आज अपुरा पडू शकतो, आणि मोठ्या भावंडाच्या चिठ्ठीवरचा धाकट्याला जास्त होऊ शकतो.

मोजायला घरातला चमचा नको. चमच्यांची मापं एकसारखी नसतात आणि काठोकाठ भरला की फरक आणखी वाढतो. सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज सगळ्यात बरी: 3.6 मिलीसारखं माप टोपणात घेता येत नाही, सिरिंजमध्ये येतं. सस्पेन्शन असेल तर बाटली नीट हलवा. तळाशी साका बसतो, मग सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि बाटली संपता संपता दिलेले कडक. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडायचं. जिभेच्या मागे पिचकारी मारली की ठसका लागतो नाहीतर उलटी होते. औषध दिल्यावर 15 मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर तोच डोस एकदा परत देता येतो. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर परत देऊ नका, बरंचसं आत गेलेलं असतं.

डोस दुप्पट होण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे सर्दीची सिरपं. त्यातल्या कित्येकांत पॅरासिटामॉल असतंच, नाव मात्र वेगळं. तापाचं एक आणि सर्दीचं एक दिलं की न कळत दोन्हीकडून तेच औषध जातं. गुदद्वारात ठेवायच्या सपोझिटरीचंही तसंच, ती त्याच चार डोसांत धरायची. दुसरं म्हणजे आईने सहाला दिलेलं असतं आणि आजी साडेसहाला पुन्हा देते. कागदावर वेळ, मिली आणि देणाऱ्याचं नाव लिहून कागद बाटलीलाच रबराने बांधा. डोस खूप जास्त गेल्याची शंका आली तर ‘बघू, काही त्रास होतोय का’ म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत पहिले 24 तास मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं आणि यकृताचा त्रास त्यानंतर वर येतो. त्यावरचा उतारा, एन-असिटिलसिस्टीन, पहिल्या 8 तासांत मिळाला तर सर्वात चांगला लागू पडतो. बाटली बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

आता ताप परत का चढतो. जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधली तापमानाची पातळी वर सरकवतं. पॅरासिटामॉल ती पातळी काही तासांपुरती खाली आणतं, संसर्गाला हातही लावत नाही. परिणाम अर्ध्या-एक तासात सुरू होतो, दोन-तीन तासांनी सर्वात जास्त असतो, चार ते सहा तासांत ओसरतो. बरोबर डोसनेही ताप साधारण 1 ते 1.5 अंश सेल्सिअस, म्हणजे दोन-अडीच अंश फॅरनहाइट उतरतो. 103 वरून 98.6 व्हावा ही अपेक्षाच चुकीची आहे. 103 चा 101.5 झाला आणि मूल उठून गाडी घेऊन खेळायला लागलं, तर औषधाने काम केलं. विषाणूचा ताप बहुतेक वेळा तीन-चार दिवस असाच वर-खाली होतो.

म्हणूनच माझं स्पष्ट मत: औषध थर्मामीटरला नाही, मुलाला द्यायचं. 102 आहे पण खेळतंय, पाणी पितंय, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. 100.8 च आहे पण अंग दुखून कण्हतंय, तर द्या. शांत झोपलेल्या मुलाला तापाचा डोस चुकतोय म्हणून उठवायची गरज नाही. तापाने मेंदूला इजा होते ही भीती घरोघरी आहे. पण संसर्गामुळे येणाऱ्या तापाला शरीराचा लगाम असतो, तो सहसा 106 च्या पुढे जात नाही आणि त्याने मेंदू बिघडत नाही. उष्माघात मात्र वेगळा. बंद गाडीत किंवा कडक उन्हात राहून अंग तापलं असेल तर तिथे पॅरासिटामॉल चालत नाही; तातडीने अंग थंड करत हॉस्पिटलला न्यावं लागतं.

मोजण्याबद्दल थोडंसं. या वयात डिजिटल थर्मामीटर काखेत, घाम पुसून, दंड छातीला घट्ट चिकटवून, बीप होईपर्यंत. काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा साधारण अर्धा-एक अंश फॅरनहाइट कमी येतो, पण तो मिळवत बसू नका. डॉक्टरांना ‘काखेत 102’ असं सांगा. कपाळाला लावायच्या पट्ट्या भरवशाच्या नाहीत. पाऱ्याचा थर्मामीटर घरात असेल तर काढून टाका. दर अर्ध्या तासाने मोजण्याने फक्त घरच्यांची झोप जाते.

आयब्युप्रोफेन: दर किलोला 5 ते 10 मिलिग्रॅम, 6 ते 8 तासांनी, 6 महिन्यांच्या आत डॉक्टरांशिवाय नाही. दोन्ही औषधं एकाच वेळी देऊ नका. एकाने मूल सावरत नसेल तर दुसऱ्यावर जाता येतं. आलटून-पालटून देणं फक्त पुढच्या डोसआधीच मूल पुन्हा बेजार होत असेल तरच, आणि तेही लिहून ठेवून. दोन बाटल्या, दोन मापं, दोन वेळापत्रकं आणि रात्रीचे तीन वाजलेले, यातून चुका होतात हेच याच्या विरोधातलं मोठं कारण. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आयब्युप्रोफेनने मूत्रपिंडाला धोका असतो. कांजिण्यांत ते टाळतात. डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. अ‍ॅस्पिरिन 16 वर्षांखालच्या मुलांना तापासाठी कधीच देऊ नका; त्याने रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

गार पाण्याच्या पट्ट्या सोडून द्या. मेंदूतली पातळी वरच असताना कातडी गार केली की शरीर हुडहुडी भरवून उष्णता तयार करतं. आकडा थोडा हलतो, मूल मात्र रडून हैराण होतं. बर्फ नको, आणि स्पिरिटने पुसणं तर धोक्याचं, ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. थंडी वाजतेय तोवर पातळ पांघरूण, ती गेली की एक सुती कपडा. घोटघोट पाणी, पेज, दूध, जे जाईल ते. एक-दोन दिवस जेवण कमी झालं तरी चालतं, पाणी कमी होऊन चालत नाही.

आकडीची भीती तुम्ही विचारली नाहीत, पण ती मनात असतेच. तापातली आकडी 6 महिने ते 5 वर्षांच्या वयात, 100 पैकी 2 ते 5 मुलांना येते. तापाचं औषध वेळेवर देऊनही ती टळतेच असं नाही, त्यामुळे त्या धास्तीने डोस वाढवू नका. आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. 5 मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी पहिली आकडी असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आता डॉक्टरकडे कधी धावायचं. इथे आकड्याला पहिल्या सहा महिन्यांतच फार किंमत आहे: 3 महिन्यांच्या आतलं बाळ आणि 100.4 किंवा वर ताप, मग बाळ हसत असलं तरी लगेच, रात्र असली तरी, आणि घरी औषध न देता. 3 ते 6 महिन्यांत 102.2 च्या वर गेला तरी त्याच दिवशी. मोठ्या मुलात मुलाकडे बघा. ताप उतरलेला असतानाही मलूल पडून आहे, नजरेला नजर देत नाही, उठवलं तरी नीट जागं होत नाही, काहीच पीत नाही किंवा प्यालेलं सगळं उलटतंय, 8 ते 12 तास लघवी नाही, मान वाकवता येत नाही, तान्ह्याची टाळू फुगलेली आहे: यातलं एकही असेल तर थांबू नका.

श्वास मोजायला शिकून घ्या, ते थर्मामीटरपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मूल शांत असताना किंवा झोपेत सदरा वर करून पोटाची वर-खाली होणारी हालचाल पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. 2 महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांत 50, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. न्यूमोनिया असू शकतो. रडताना मोजलेला आकडा धरायचा नाही, आणि ताप चढलेला असताना श्वास तसाही थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका, निघा.

अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून धरा. दाबल्यावर पुसट झाले तर बहुतेक साधं पुरळ. काचेतूनही तसेच दिसत राहिले तर तातडीने हॉस्पिटल. रक्तात जंतू पसरल्याची ती खूण असू शकते. सावळ्या कातडीवर ठिपके पटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघा. डेंग्यूच्या दिवसांत आणखी एक लक्षात ठेवा: धोक्याचा काळ ताप उतरतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात सुरू होतो. ताप गेला पण मूल जास्तच गळून गेलं, पोट दुखतंय, सारख्या उलट्या, हातपाय गार पडलेत, तर ‘आता बरं वाटेल’ असं समजू नका.

पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक मागू नका. विषाणूवर ते चालत नाही, जुलाब मात्र लागतात. हिरवा शेंबूडही जिवाणूचा पुरावा नाही. सर्दी-खोकला काहीच नाही आणि नुसता ताप आहे, तर लघवीची तपासणी करायला सांगा, विशेषतः मुलगी किंवा लहान बाळ असेल तर. मूत्रमार्गाचा संसर्ग या वयात अनेकदा तापाखेरीज दुसरं काही लक्षण दाखवत नाही, आणि तो निसटला तर मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. ताप पाच दिवसांच्या पुढे गेला की मूल खेळतंय म्हणून थांबू नका. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, हातपाय सुजलेले असं काही जोडीला असेल तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात आणि उपचार पहिल्या 10 दिवसांत सुरू व्हावे लागतात.

तुमच्या मुलाचा आज दुसरा दिवस आहे. उतरलेल्या तापात तो खेळत असेल आणि लघवी नीट होत असेल, तर आज आधी बाटलीवरचा आकडा बघून डोस दुरुस्त करा. उद्याही 103 चढत राहिला तर दाखवून घ्या, आणि जाताना ती बाटली आणि वेळा लिहिलेला कागद दोन्ही न्या.