शेठजी संघ घेणार, म्हणजे नेमकं काय घेणार?

कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीचा फुटबॉल संघ मोठा उद्योजक घेणार, अशी चर्चा सुरू झाल्यापासून या सदराकडे त्याच विषयाची पत्रं येत आहेत. काहींना वाटतं, पैसा आला की ए डिव्हिजनचा चषक आलाच. काहींना वाटतं, पेठेचं नाव गेलं. व्यवहार अजून ठरलेला नाही, म्हणून तालमीचं आणि उद्योजकाचं नाव छापलेलं नाही.

प्रश्न : आमची तालीम आजोबांच्या काळातली. इमारत, आखाडा, गणपती, फुटबॉल सगळं एकाच नावावर चालतं. पदाधिकाऱ्यांना हे विकता येतं का? — एक समर्थक, मंगळवार पेठ

उत्तर : तालीम सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विकता येत नाही. न्यासाला मालक नसतो आणि शेअर नसतात. अध्यक्ष-सेक्रेटरी हे विश्वस्त. ते सांभाळतात, विकत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत विकायची, बक्षीस द्यायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. तिच्याशिवाय केलेला व्यवहार कायद्याने वैध ठरत नाही. न्यासाच्या नावावर कर्ज काढायलाही आधी मंजुरी हवी.

पण एवढं वाचून निर्धास्त होऊ नका. तालीम ताब्यात घ्यायला ती विकत घ्यावी लागतच नाही, सभासद यादी पुरते. वार्षिक सभेच्या आधी दीड-दोनशे नवे सभासद भरले, त्यांची वर्गणी एकाच हाताने भरली आणि निवडणुकीत आपली माणसं बसवली, की काम झालं. कागदोपत्री विक्री कुठेच दिसत नाही. म्हणून पहिली फेरी धर्मादाय आयुक्तांच्या कोल्हापूर कार्यालयात मारा आणि तीन कागदांच्या प्रमाणित प्रती मागा : न्यासाच्या नोंदणीचा पी.टी.आर. उतारा, मंजूर घटना आणि शेवटचा फेरफार अहवाल. उताऱ्यावर आज कोण विश्वस्त आहेत ते दिसतं. बऱ्याच मंडळांत तिथं वारलेल्या माणसांची नावं अजून असतात, कारण विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत द्यायचा फेरफार अहवाल कुणी दिलेलाच नसतो. अशा वेळी करारावर आजच्या पदाधिकाऱ्यांनी केलेल्या सहीला उद्या कोणीही आव्हान देऊ शकतो. यात उद्योजकही फसतो, तालीमही.

घटनेत दोन गोष्टी शोधा. नव्या सभासदाला मतदानाचा हक्क किती काळाने मिळतो, आणि सभासदत्व कोण मंजूर करतं. पहिल्याचा उल्लेखच नसेल तर बोलणी पुढं जाण्याआधी घटनादुरुस्ती करून घ्या. आणखी एक, इमारतीखालची जागा न्यासाची की महापालिकेची, हे सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर बघा. जी जागा तालमीची नाहीच, तिच्यावरून पेठेत डोकी फुटायला नकोत.

प्रश्न : मग इतकी चर्चा कशाची? उद्योजकाला मिळणार तरी काय? — राजारामपुरीतील वाचक

उत्तर : फुटबॉल संघ चालवण्याचे हक्क. बहुतेक ठिकाणी हे असं होतं : एक नवी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात. तालीम आपलं नाव, चिन्ह, खेळाडूंच्या नोंदणी आणि स्पर्धेतली जागा तिला वापरायला देते. उद्योजक पैसा आणतो. शेअर दोघांत वाटले जातात. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे आणि प्रत्येकीचा करार वेगळा व्हायला हवा. सगळं एकाच ‘सामंजस्य करारा’त कोंबलं की भांडण नक्की.

प्रश्न : तालमीकडे २६ टक्के ठेवणार म्हणतात. २६ टक्क्यांत सगळं अडवता येतं, असं आमच्या सीएने सांगितलं. बरोबर आहे का? — एक आजीव सभासद, शिवाजी पेठ

उत्तर : अर्धं बरोबर. कंपनीची नियमावली बदलणं, कंपनीचं नाव बदलणं, बाहेरच्या माणसाला नवे शेअर देणं यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांत तीन चतुर्थांश. २६ टक्के मतं विरोधात पडली की तो ठराव पडतो.

पण तुमचे २६ टक्के २६ राहतील याची हमी कुठे आहे? समजा कंपनीचे १० रुपयांचे १०,००० शेअर आहेत, त्यातले २,६०० तालमीचे. संचालक मंडळ म्हणतं, संघाला पैसा कमी पडतोय, ४०,००० नवे शेअर काढू आणि असलेल्या भागधारकांनाच त्यांच्या प्रमाणात देऊ. याला राइट्स इश्यू म्हणतात, आणि त्याला विशेष ठराव लागत नाही. अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर काढायची कमाल मर्यादा, वाढवावं लागलं तरी सहसा साधा ठराव पुरतो आणि तो ७४ टक्केवाला एकटा करतो. तालमीच्या वाट्याला १०,४०० शेअर येतात, त्यांचे १,०४,००० रुपये होतात. इथं आकडा लहान धरलाय. खऱ्या व्यवहारात तो कोटींत असेल आणि मंडळाच्या खात्यात गणपतीची उरलेली वर्गणी असेल. तुम्ही पैसे भरले नाहीत, ते शेअरही उद्योजकाने घेतले, तर ५०,००० पैकी तुमचे २,६०० म्हणजे ५.२ टक्के. अडवायची ताकद गेली, आणि कुणी बेकायदा काहीच केलेलं नाही.

याला उपाय आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ५ प्रमाणे नियमावलीतली ठरावीक कलमं विशेष ठरावापेक्षाही कडक अटीने बांधून ठेवता येतात. ही तरतूद कंपनी स्थापन करतानाच घाला. नंतर घालायची तर प्रायव्हेट कंपनीत सगळ्या भागधारकांची संमती लागते आणि ती कोण देतो! बांधायच्या गोष्टी चारच ठेवा : संघाचं नाव, जर्सीचा रंग, कोल्हापूर हे घरचं मैदान, आणि तालमीच्या लेखी संमतीशिवाय नवे शेअर नाहीत. कोच कोण, खेळाडू कोण, हे मात्र अडवायला जाऊ नका. पैसा घालणाऱ्याला तेवढी मोकळीक नसेल तर तो येणारच नाही.

नाव आणि चिन्ह कंपनीच्या मालकीचं करू नका, फक्त वापराचा परवाना द्या. ट्रेडमार्क तालमीच्या नावाने नोंदवा. खेळासाठी वर्ग ४१, जर्सी-कपड्यांसाठी वर्ग २५. ऑनलाइन अर्जाची फी संस्थेला प्रति वर्ग ९,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. नेमकं हेच काम लंडनमध्ये ‘चेल्सी पिच ओनर्स’ ही संस्था करते. स्टॅमफर्ड ब्रिज या क्लबच्या मैदानाची जमीन आणि ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नाव तिच्याकडे आहे. २०११ मध्ये क्लबने ते परत घ्यायचा प्रस्ताव आणला, त्याला लागणारी ७५ टक्के मतं मिळाली नाहीत आणि प्रस्ताव पडला. मालक अब्जाधीश असूनही.

प्रश्न : मोहन बागान आणि ईस्ट बंगालनेही गुंतवणूकदार घेतले. त्यांचं काही बिघडलं नाही. आपणच का घाबरायचं? — एक तरुण समर्थक, जुना बुधवार पेठ

उत्तर : बिघडलं, आणि काही ठिकाणी सुधारलंही. कोलकात्याच्या मोहन बागानचा फुटबॉल विभाग २०२० मध्ये एटीके हा तिथलाच संघ चालवणाऱ्या कंपनीबरोबर गेला. ८० टक्के गुंतवणूकदाराकडे, २० टक्के क्लबकडे. संघाचं नाव ‘एटीके मोहन बागान’ झालं आणि समर्थक ‘एटीके काढा’ म्हणत रस्त्यावर आले. २०२३ मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक जिंकल्यावर ते नाव गेलं, ‘मोहन बागान सुपर जायंट’ आलं. चषक मिळाला, पण एका शब्दासाठी तीन वर्षं गेली.

कोलकात्याच्याच ईस्ट बंगालचं प्रकरण कोल्हापूरकरांनी जास्त बारकाईने वाचावं. २०१८ मध्ये आलेला पहिला गुंतवणूकदार दोन वर्षांत गेला. २०२० मध्ये दुसरा आला, तेव्हा आयएसएलमध्ये जायची घाई होती. प्राथमिक करारावर सह्या झाल्या आणि अंतिम करार ‘नंतर बघू’वर राहिला. नंतर अंतिम मसुद्यात आधी न ठरलेल्या गोष्टी आहेत, असं क्लब म्हणू लागला. जुलै २०२१ मध्ये समर्थकांच्या निदर्शनांवर लाठीमार झाला. २०२२ मध्ये फारकत. दोन हंगाम संघ गुणतक्त्याच्या खालच्या भागात. चूक कुणाची हा वाद तिथं अजून चालतो. आपल्याला धडा एवढाच की प्राथमिक करारावर सही करताना अंतिम कराराचा पूर्ण मसुदा सोबत जोडलेला हवा.

आणि माणूस किंवा कंपनी कंटाळली तर? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, जेसीटी २०११ मध्ये. दोन्ही राष्ट्रीय लीग जिंकलेले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पुण्याच्या समर्थकांच्या हाती जर्सी राहिली. श्रीमंत किती, यापेक्षा तो जाईल त्या दिवशी काय होईल, हे आधी विचारा. करारात लिहून घ्या की बाहेर पडताना सहा महिन्यांची नोटीस द्यायची, खेळाडूंच्या नोंदणी आणि स्पर्धेतली जागा विनामूल्य तालमीकडे परत यायची, आणि एका हंगामाचं मानधन वेगळ्या बँक खात्यात आधीच ठेवलेलं असायचं.

उलट बाजूही सांगतो. इंग्लंडमधला पोर्ट्समथ दिवाळखोरीतून २०१३ मध्ये समर्थकांनीच वर्गणी काढून घेतला. चार वर्षांनी त्याच समर्थकांनी मतदान करून तो अमेरिकन उद्योजक मायकेल आयस्नर यांना विकला. २०२४ मध्ये संघ वरच्या श्रेणीत गेला. विकणं म्हणजे गद्दारी नव्हे. तिथं मत सगळ्या सभासद-समर्थकांना विचारलं गेलं, फरक तो.

प्रश्न : पहिल्या वर्षी दोन कोटी घालणार म्हणतात. हे पैसे कोणाचे समजायचे? — एक व्यापारी वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : व्यापारी आहात, म्हणून नेमकं विचारलंत. भांडवल म्हणून घातले की कर्ज म्हणून, यावर सगळं आहे. ‘संचालकाकडून विनातारण कर्ज’ अशी नोंद ताळेबंदात असेल, तर जाताना तो दोन कोटी मागणार आणि नाव-चिन्हावर बोट ठेवणार. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये ७९ कोटी पौंडांना घेतला गेला तेव्हा त्यातलं बरंच कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसलं. चिडलेल्या काही समर्थकांनी त्याच वर्षी वेगळा क्लब काढला. चेल्सीचे तेव्हाचे मालक अब्रामोविच यांनी सुमारे दीड अब्ज पौंडांचं कर्ज २०२२ मध्ये सोडून दिलं, पण तो अपवाद. अपवादावर धंदा करू नये, हे तुम्हाला सांगायला नको.

बोलणीआधी तालमीनेही आपलं घर आवरावं. गणपतीची वर्गणी, संघाची प्रायोजकता, जिमची फी एकाच खात्यात असेल तर संघाचा खरा खर्च किती, हे कुणालाच सांगता येत नाही आणि समोरचा म्हणेल तो आकडा मान्य करावा लागतो. फुटबॉलचं खातं आजच वेगळं करा.

प्रश्न : आमच्या १४ वर्षांखालच्या मुलांचं काय? — एक प्रशिक्षक

उत्तर : कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, म्हणजे इथली मुलं वर जातात. पुढं एखादा व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे बदली रकमेच्या ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक हंगामाला ०.२५ टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्का. रक्कम १ कोटी असेल तर पहिल्या चार वर्षांचे १ लाख. मात्र मुलाची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत त्या-त्या हंगामात झालेली हवी. ती तालमीच्या नावाने करायची की कंपनीच्या, हे करारात लिहा. बहुतेक करारांत हा मुद्दा राहूनच जातो.

प्रश्न : रविवारी विशेष सभा आहे. विरोधात बोललं की व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढतात. काय करावं? — नाव न छापण्याची विनंती

उत्तर : ग्रुप सोडा, सभेला जा. न्यासाबरोबर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंद असेल आणि प्रस्ताव संस्थेचा उद्देश बदलण्याचा किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन होण्याचा असेल, तर तो लेखी स्वरूपात सभेच्या १० दिवस आधी सभासदांना मिळायला हवा. मग तीन पंचमांश मतं, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश. एका रविवारात हे उरकत नाही. सूचना वेळेत मिळाली नसेल तर भाषण करत बसू नका. हरकत लेखी द्या, दोन प्रतींत. एकीवर तारखेसह पोच घ्या आणि ती इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय सभा संपू देऊ नका.