१६० टनी सी-फ्रेम प्रेसवर कोल्ड फोर्जिंग: टनेज पुरतं, मग अडतं कुठे?

गोव्यातल्या कुंडईच्या आपल्या सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा: वॉशर कापायचा १६० टनी सी-फ्रेम (समोरून उघडी, C आकाराची चौकट असलेला) पॉवर प्रेस आहे, स्ट्रोक १५० मिमी. त्यावर लो-कार्बन स्टीलचा कप (बाहेरचा व्यास ३० मिमी, आतला २२, आतली खोली ४०, तळाची जाडी ६) बॅकवर्ड एक्स्ट्रूजनने, म्हणजे धातू न तापवता त्यात पंच दाबून तो पंचाभोवती उलट वर चढवण्याच्या कोल्ड फोर्जिंगच्या पद्धतीने, निघेल का?

आधी हिशेब. कपचं आकारमान सुमारे १७,३०० घन मिमी, म्हणजे ३० व्यासाचा स्लग (कप बनवायचा धातूचा तुकडा) साधारण २४.५ मिमी उंच हवा. पंच प्रत्यक्षात १८.५ मिमीच आत जातो, बाकी खोली धातू वर चढल्यामुळे मिळते. नीट अ‍ॅनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) मालाला पंचावर २००० न्यूटन प्रति चौरस मिमी दाब धरा. २२ मिमी पंचाला ७६० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७७ टन. तुमच्याकडे १६०. इथेच बहुतेकजण फसतात.

प्रेसच्या नेमप्लेटवरचे १६० टन बॉटम डेड सेंटरच्या (स्ट्रोकच्या सगळ्यात खालच्या बिंदूच्या) जवळचे असतात. ते त्या बिंदूच्या ५ मिमी वर मिळतात असं धरलं (गिअर नसलेल्या प्रेसला त्याहून खालीच), तर १८.५ मिमी वर, जिथे पंच धातूला टेकतो तिथे, क्रँकच्या कोनामुळे ८७ टनच उरतात. काठावर का होईना, पण निभावलं असतं. ऊर्जेचं काय? ७६० किलोन्यूटन गुणिले १८.५ मिमी म्हणजे १४ किलोज्यूल, आणि प्रेसची एका स्ट्रोकची ऊर्जा १६० टन गुणिले ५ मिमी, म्हणजे ८. सलग चालवलात तर दर स्ट्रोकला फ्लायव्हील (ऊर्जा साठवणारं जड चाक) मंदावेल, मोटर तापेल, ओव्हरलोड ट्रिप होईल. एकेक स्ट्रोक मारून फ्लायव्हीलला वेग धरू दिलात तर नमुन्याचे पाच-पन्नास नग निघतील, उत्पादन नाही.

दुसरी गोष्ट फ्रेमची. लोडखाली सी-फ्रेमचं तोंड उघडतं, पंच किंचित तिरका बसतो. ४ मिमी भिंतीच्या कपात ते लगेच दिसतं, आणि पंच तुटतोही त्यामुळेच. दोष प्रेसचा की स्लगचा हे ओळखायला स्ट्रोकआधी प्रत्येक स्लगच्या ऑपरेटरकडच्या बाजूला मार्करने खूण करा. कप निघाल्यावर चार ठिकाणी भिंत मोजा. पातळ बाजू दरवेळी खुणेपासून त्याच जागी आली तर फ्रेम किंवा टूलची अलाइनमेंट; कधी इकडे कधी तिकडे फिरली तर स्लग. शिअरवर कापलेल्या स्लगची तोंडं तिरकी असतात, म्हणून एक्स्ट्रूजनआधी ती दाबून सपाट आणि काटकोनात करून घ्या. हे ऑपरेशन वाचवायला जाऊ नका, पंच महाग पडतात.

मग काय घ्यावं? सरळ बाजूंचा (दोन्हीकडे खांब असलेला, तोंड न उघडणारा) लिंक-ड्राइव्ह प्रेस उत्तम; त्यात जोडदांड्यांमुळे कामाच्या टप्प्यात पंच हळू उतरतो. नकल-जॉइंट (गुडघ्यासारखा सांधा सरळ होऊन दाबणारा) प्रेस स्वस्तात मिळतो, पण त्याचं टनेज शेवटच्या काही मिमीतच असतं. तो कॉइनिंगला (नाण्यासारखा ठसा दाबायला), फार तर उथळ कपाला. हायड्रॉलिक स्ट्रोकभर पूर्ण टनेज देतो, पण हळू, आणि पंच दाबाने गरम झालेल्या धातूत जास्त वेळ अडकून राहतो. जुना प्रेस बघताना 'किती टन' नंतर लगेच 'किती मिमी वर' आणि 'एका स्ट्रोकला किती किलोज्यूल' हे विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर क्रँकशाफ्टचा व्यास आणि फ्लायव्हीलचं वजन, व्यास, आरपीएम लिहून आणा.

आता गोव्यापुरतं. झिंक फॉस्फेट आणि साबण यासारख्या लेपाशिवाय स्टील डायला (साच्याला) चिकटणारच, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा साबण हवेतला ओलावा ओढतो. स्लग हाताला चिकट लागला की समजा, डायवर ओरखडे येणार. साबणाच्या टाकीतून काढल्यावर गरम हवेच्या ओव्हनमध्ये पूर्ण कोरडे करा आणि त्या शिफ्टला लागतील तेवढेच लेपून ठेवा. उलट थर जाड झाला तर साबण डायच्या कोपऱ्यात साचतो आणि कोपरे भरत नाहीत. तिथे टनेज वाढवू नका, डाय पुसा. पिकलिंग (आम्लाने गंज काढणं) आणि फॉस्फेटिंग स्वतः करणार असाल तर सांडपाणी प्रक्रियेची सोय आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती प्रेसच्या ऑर्डरआधी मार्गी लावा.