गाडीतल्या इन्व्हर्टरचा फ्यूज सारखा उडतोय, मोठा फ्यूज टाकू का?

नाही. मोठा फ्यूज अजिबात टाकू नका, आणि टाकला असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी काढून या.

तुम्ही लिहिलंय की १००० वॉटचा इन्व्हर्टर लायटर सॉकेटला लावलाय. लॅपटॉप आणि कॅमेऱ्याचे चार्जर त्यावर नीट चालतात, पण ६०० वॉटचं ड्रिल मशीन सुरू केलं की सॉकेटचा १५ अँपिअरचा फ्यूज उडतो. कोणीतरी ३० चा टाकायला सांगितलंय. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्या सल्ल्याने गाडी पेटू शकते. हा फ्यूज इन्व्हर्टरच्या रक्षणासाठी नसतो. डॅशबोर्डच्या आतून सॉकेटपर्यंत गेलेल्या वायरीसाठी असतो. ती वायर १५ अँपिअरच्या हिशोबाने घातलेली आहे. ३० चा फ्यूज टाकलात तर तो शाबूत राहील आणि वायर तापेल, तीही तुम्हाला न दिसणाऱ्या जागी, प्लास्टिक आणि फोमच्या मधोमध.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि वितळलेली लायटर सॉकेटं वरचेवर माझ्याकडे येतात. जवळपास प्रत्येक वेळी कारण हेच असतं: माणसाने डब्यावरचे वॉट बघितलेले असतात, अँपिअरचा विचार केलेला नसतो. घरी २३० व्होल्टवर तुमचं ड्रिल ३ अँपिअरही घेत नाही, म्हणून त्याची साधी पातळ वायर आपल्याला पुरेशी वाटते. गाडीत व्होल्टेज १२ चं, त्यामुळे तेवढ्याच कामाला करंट वीसपट लागतो. माझा सोपा हिशोब असा: १२ व्होल्टच्या गाडीत वॉटला १० ने भागायचं. इन्व्हर्टरच्या आत जी वीज वाया जाते तीही त्यात धरली जाते. ९० वॉटचा लॅपटॉप म्हणजे ९ अँपिअर. तुमचं ड्रिल म्हणजे ६० अँपिअर, आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे सगळं १५ अँपिअरच्या सॉकेटमधून जाणं शक्यच नाही. फ्यूज उडाला, म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं. (ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची असते, तिथे २० ने भागा. पण १२ व्होल्टचा इन्व्हर्टर २४ ला कधीही जोडू नका, तो तिथल्या तिथे जळेल.)

लायटर सॉकेटवर मी १२० वॉटच्या वर लोड टाकत नाही. आतली पकड फक्त स्प्रिंगची असते, ती वापराने सैल होते, आणि सैल जोड चांगल्या वायरीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दहा मिनिटं चालवून प्लग बाहेर काढा आणि टोकाला सावधपणे बोट लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर तो सॉकेट त्या लोडसाठी नाही.

आता तुमच्या सामानाकडे बघू. लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर त्याला इन्व्हर्टर लागतच नाही. गाडीत लावायचा ६५ किंवा १०० वॉटचा चांगला टाइप-सी चार्जर घ्या. १२ चे २३० करायचे आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरने पुन्हा २३० चे २० करायचे, यात दोनदा वीज वाया जाते आणि २३० व्होल्टचा धोका विनाकारण गाडीत येतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांनाही असे चार्जर मिळतात. ड्रिल अधूनमधूनच लागत असेल तर माझं प्रामाणिक मत आहे की बॅटरीवरचं कॉर्डलेस घ्या आणि त्याची बॅटरी छोट्या इन्व्हर्टरवर चार्ज करा. जाड केबल टाकण्याचा सगळा खटाटोप वाचेल.

तरीही १००० वॉटचा वापरायचाच असेल, तर तो थेट बॅटरीवरून जोडावा लागेल. पूर्ण लोडला १०० अँपिअर धरा. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत दोन मीटर अंतर असेल तर मी ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकेन. लोक ६ ची टाकतात, कारण ती हाताला जाड लागते. पण ६ ची दोन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, आणि त्यात ६० अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट खाल्ला जातो. म्हणजे ४० वॉट उष्णता गालिच्याखाली. शिवाय इन्व्हर्टरला कमी व्होल्टेज मिळतं, तो तेवढ्याच कामाला आणखी करंट ओढतो आणि शेवटी लो-बॅटरीचा अलार्म वाजवतो. मग माणूस नवी बॅटरी घेऊन येतो, आणि दोष असतो केबलचा.

फ्यूज पॉझिटिव्ह केबलमध्ये, आणि बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, वीतभर अंतराच्या आत. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज आहे म्हणून बाहेरचा टाळू नका. आतला फ्यूज मधल्या दोन मीटर केबलला वाचवत नाही. ती केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि थांबवायला मध्ये काहीच नसतं. १००० वॉटला साधारण १२५ अँपिअरचा फ्यूज बसतो, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा दिला असेल तोच घ्या. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून केबल नेताना भोकात रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या धारेपासून केबलला वाचवणारी रिंग) हवंच. टोकांना थिंबल (बोल्टला बसणारं धातूचं टोक) लावून नीट क्रिंप करा, म्हणजे त्याच्या पकडीने घट्ट दाबा. पिळून टेप गुंडाळलेला जोड या करंटला टिकत नाही.

जोडताना इन्व्हर्टरचं बटण बंद, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोनदा तपासा, कारण उलट जोडणीला बरेच इन्व्हर्टर माफ करत नाहीत. फ्यूज होल्डरमध्ये शेवटी बसवा. त्या क्षणी एक छोटी ठिणगी दिसेल, इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरतात म्हणून. त्यात बिघाड काही नाही, पण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम इंजिन बंद करून काही वेळ गेल्यावर, बॉनेट उघडं ठेवून करा. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, तो बॅटरीतून किती करंट गेला हे मोजतो. तुमच्या गाडीत तो असेल तर इन्व्हर्टरची निगेटिव्ह थेट टर्मिनलला न लावता जवळच्या बॉडी अर्थच्या बोल्टला, म्हणजे निगेटिव्ह जिथे गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तिथे, लावा. नाहीतर त्याचा हिशोब चुकतो आणि गाडी बॅटरी नीट चार्ज करत नाही.

इन्व्हर्टर इंजिनाच्या खोलीत बसवू नका. केबिन किंवा डिकीत, पट्ट्यांनी घट्ट आवळून, पंख्याच्या बाजूला मोकळी जागा ठेवून बसवा. ६०० वॉटच्या लोडला तो स्वतः ६०–७० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून त्यावर बॅग किंवा चादर नको. सुटा ठेवलेला जड डबा जोराचा ब्रेक लागला की मागून डोक्यात येऊ शकतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

आता बॅटरी. गाडीची बॅटरी सेल्फ मारायला बनवलेली असते: काही सेकंद भरपूर करंट, मग लगेच भरपाई. ती हळूहळू रिकामी करत नेली की प्लेटा खराब होतात. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इन्व्हर्टरचा अलार्म बहुतेक वेळा १०.५ च्या आसपास वाजतो. लॅपटॉपसारखा हलका लोड असताना तो वाजेपर्यंत थांबलात तर गाडी सुरू होणार नाही. अलार्म इन्व्हर्टरच्या सोयीचा आहे, तुमच्या प्रवासाच्या नाही. ड्रिलसारखा लोड फक्त इंजिन चालू ठेवूनच घ्या. त्यातही, गाडी जागेवर उभी, इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) त्याच्या छापील क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो, तूट बॅटरीतूनच भरली जाते. म्हणून सलग न चालवता थांबून-थांबून. आधी इंजिन सुरू, मग इन्व्हर्टर. बंद करताना उलट क्रम. काम झालं की त्याचं बटण बंद करा. लोड नसतानाही तो अर्धा अँपिअर घेत असेल तर दोन दिवसांत २४ अँपिअर-अवर जातात, छोट्या गाडीची अर्धी बॅटरी. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा बेशुद्ध होतो.

तुमच्या इन्व्हर्टरवर ‘मॉडिफाइड साइन वेव्ह’ (घरच्या विजेसारखी गुळगुळीत नव्हे, पायऱ्यापायऱ्यांची लहर) लिहिलं असेल तर ड्रिलची मोटर गुणगुणेल आणि जास्त तापेल. लॅपटॉपचे अडॅप्टर बहुधा निभावतात. ट्रिमरसारख्या वस्तूंचे अगदी हलके, ट्रान्सफॉर्मर नसलेले चार्जर मात्र त्यावर जळू शकतात. श्वासाचं मशीन किंवा दुसरं वैद्यकीय उपकरण चालवायचं असेल तर घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा प्युअर साइनच घ्या, आणि आधी उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते बघा.

शेवटचा प्रश्न तुम्ही सहज विचारलाय, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटली: वीज गेल्यावर हाच इन्व्हर्टर दोन्हीकडे प्लग असलेल्या वायरीने घरच्या सॉकेटला जोडून दिवे लावता येतील का. कृपया करू नका. मेन स्विच बंद करायला एकदा जरी विसरलात तर तुमचे २३० व्होल्ट बाहेरच्या लाइनवर जातात आणि तिथे दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या हाताला लागतात. वीज परत आली की इन्व्हर्टर फुटू शकतो. त्या वायरीचं उघडं टोक कोणाच्या हातात आलं तर वेगळाच प्रसंग. गाडीतले २३० व्होल्ट घरातल्या इतकेच जीव घेणारे असतात, बॅटरी १२ ची आहे म्हणून ते सौम्य होत नाहीत. दिवे हवेतच तर एक एक्स्टेन्शन बोर्ड थेट इन्व्हर्टरवर लावा, त्यात टेबल लॅम्प लावा, आणि बोर्ड ओल्या जमिनीपासून व मुलांपासून दूर ठेवा.

गाडीचं मॉडेल आणि इन्व्हर्टरच्या मागच्या लेबलचा मजकूर कॉमेंटमध्ये टाकलात तर केबल आणि फ्यूज नेमका कोणता घ्यायचा ते सांगतो. तोपर्यंत सॉकेटला १५ चाच फ्यूज.