करुणेनेच माणूस थकतो, मग ती बर्नआउटवर उपाय कशी?

तुमचा प्रश्न असा: आयसीयूत काम करून बर्नआउट झालाय, म्हणजे आतून पार थकून पेशंटबद्दल काही वाटेनासं झालंय, आणि कार्यशाळेत मात्र ‘करुणा वाढवा’ असं सांगतात. हे जखमेवर मीठ नाही का?

नुसतं सांगून सोडून दिलं, तर मीठच आहे. करुणा आणि दुसऱ्याचं दुःख अंगावर घेणं यांत नेहमी गल्लत होते, आणि थकवतं ते दुसरं. ओल्गा क्लिमेकी आणि तान्या सिंगर या संशोधकांच्या २०१४च्या अभ्यासात सहभागींना आधी इतरांच्या वेदनेशी एकरूप व्हायला शिकवलं. दुःखाचे व्हिडिओ पाहताना त्यांचा त्रास वाढला आणि मेंदूतले वेदनेशी निगडित भाग जास्त सक्रिय झाले. मग त्यांनाच करुणेचा सराव दिला. समोर दुःखच होतं, तरी त्रास उतरला आणि मनात ऊब वाढली. एकरूप होताना मन वेदनेत अडकून पडतं. करुणेत ते ‘आता यांच्यासाठी काय करता येईल’ याकडे वळतं.

हे वळण ड्यूटीवरच घेता येतं, वेगळा वेळ लागत नाही. सॅनिटायझर हातांवर चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, तेवढे पुरे. एक श्वास सावकाश सोडा, तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या. आत जे आहे त्याला मनात नाव द्या: ‘छाती दाटलीय’, ‘चीड आलीय’. मग एकच वाक्य: ‘यांचा त्रास कमी होवो, माझ्याकडून होईल ते मी करीन.’ बोटांच्या फटी आणि अंगठे चोळून होईपर्यंत हे होतं. एका शिफ्टमध्ये तीन-चार वेळा जमलं तरी खूप.

इथे चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे प्रेम दाटून येण्याची वाट पाहणं. भावना आली नाही तरी चालेल, हेतू पुरतो. जबरदस्तीने आणलेला गहिवर उलट दमवतो. दुसरी, पेशंटच्या जागी स्वतःच्या आईला किंवा मुलाला कल्पणं. हे कृपा करून करू नका, ते पुन्हा दुःख अंगावर घेणंच झालं. आणि रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना सराव करायचा नसतो. तेव्हा झोपायचं.

पेशंटशी बोलायला वेळ कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. १९९९च्या एका अभ्यासात डॉक्टरच्या बोलण्यात आपुलकीची जेमतेम ४० सेकंदांची भर होती, तरी ते पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता कमी झाली. शक्य असेल तेव्हा स्टूल ओढून नजरेच्या पातळीवर बसा. हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, आधी नाव घ्या, मग बेड नंबर आणि निदान. ‘बारा नंबरचा स्ट्रोक’ ही भाषा रुळली की माणूस दिसेनासा होतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची जी तीन अंगं सांगितली (भावनिक थकवा, माणसाला वस्तूसारखं वागवणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं) त्यातलं दुसरं इथूनच शिरतं.

मृत्यूनंतर लगेच पुढच्या बेडकडे धावणं मला सगळ्यांत घातक वाटतं. जोनाथन बार्टेल्स या नर्सने सुरू केलेली ‘द पॉझ’ ही पद्धत साधी आहे: कोणीतरी सुचवायचं, टीमने मिनिटभर बेडभोवती शांत उभं राहायचं, गेलेल्या माणसासाठी आणि ज्यांनी धडपड केली त्यांच्यासाठी. प्रार्थना म्हणायची नाही, म्हणून कोणत्याही धर्माच्या माणसाला त्यात उभं राहता येतं.

स्वतःच्या बाबतीत एकच कसोटी ठेवा. हातून चूक झाली की जे शब्द स्वतःला ऐकवता, तेच नव्या ज्युनिअरला ऐकवाल का? नाही ना, मग तिला जे सांगाल तेच स्वतःला सांगा: काय चुकलं, कोणाला कळवायचं, पुढच्या वेळी काय बदलायचं.

मात्र बर्नआउटच्या पहिल्या अंगावर, म्हणजे थकव्यावर, हा सराव अपुरा पडतो. माणसं कमी, सलग नाईट, रजा नाही, हे श्वासाने सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला कामाशी निगडित स्थिती म्हटलंय, आजार नव्हे. त्यामुळे इन्चार्जकडे रोस्टर घेऊन जाणं हीसुद्धा स्वतःवरची करुणाच आहे. शक्यतो दोघीतिघींनी मिळून, किती ड्यूट्या सलग लागल्या ते लिहून न्या. आणि सुट्टीतही काही गोड लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर याला बर्नआउट म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा.