एएची मीटिंग कशी शोधायची? मॅपवरच्या पत्त्यावर गेलो तर शाळेला कुलूप होतं

तुम्ही लिहिलंय की मॅप बघून संध्याकाळी एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' गटाच्या, मीटिंगला गेलात, शाळेला कुलूप होतं, आणि आता पुन्हा जायचा धीर होत नाही. बायकोला बरोबर नेलं तर चालेल का, हेही विचारलंय.

कुलूप होतं म्हणजे गट बंद पडला असं समजू नका. एएच्या गटांना बहुतेक ठिकाणी स्वतःची जागा नसते. शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली तास-दीड तासापुरती मिळालेली असते. मे महिन्याची सुट्टी लागली, परीक्षा आल्या, वर्गात मतदान केंद्र बसलं की जागा नाहीतर वेळ बदलते. मॅपवरची खूण मात्र तिथेच राहते. म्हणून आधी फोन, मग पत्ता.

एए भारतात 1957 पासून आहे आणि त्यांचं देशाचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. 'एए जीएसओ इंडिया' असं शोधलं की त्यांची वेबसाइट मिळते. तिथून हेल्पलाइनचा नंबर घ्या. फोन लागल्यावर सगळी कहाणी सांगायची गरज नाही. एवढंच बोला: "मी नवीन आहे, मीटिंगला यायचंय. माझ्या जवळ आज-उद्या कुठे आहे? मराठीत चालते का? ओपन आहे की क्लोज्ड? गेटवर कोणी भेटेल का?" शेवटचा प्रश्न विसरू नका. नवीन माणूस बहुतेक वेळा गेटपाशीच घुटमळतो आणि परत फिरतो. कोणीतरी बाहेर उभं असेल तर तेवढं अंतर पार होतं.

एक सावधगिरी. 'एए' किंवा 'व्यसनमुक्ती' म्हणून शोधल्यावर येणारे काही नंबर खाजगी केंद्रांचे असतात. समोरचा माणूस पैशांचं बोलू लागला, "पेशंटला न्यायला गाडी पाठवतो" म्हणाला, तर तो एए नाही. एएला फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू थांबवायची इच्छा, एवढीच सभासद होण्याची अट. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, त्यात सभासद आपल्या मनाने पैसे टाकतात, त्यातून भाडं आणि चहा भागतो. पहिल्या दिवशी काहीच टाकू नका, कोणी बघत नाही.

ओपन मीटिंगला बायको येऊ शकते. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. पण माझं मत विचाराल तर वहिनींसाठी अल-अनॉन वेगळं शोधा. तो घरच्यांचाच गट आहे, आणि तुम्ही समोर नसताना त्यांना मोकळेपणाने बोलता येईल. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे.

आत गेल्यावर नुसतं पहिलं नाव पुरतं. बोलायची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, चालतं. मधे कोणी कोणाला तोडत नाही, सल्ला देत नाही. प्रार्थना असते. देवावर विश्वास नसेल तर गप्प उभे राहा. ओळखीचं कोणी दिसलं तर घाबरू नका, तोही त्याच कारणासाठी आलाय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये लगेच जायची घाई मात्र नको, तिथे नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो. त्यापेक्षा मीटिंग संपल्यावर चहा पिताना दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी, प्यावंसं वाटत नसलं तरी, एकाला फोन करा. सवय आधी लागलेली असेल तरच तलफ आलेल्या रात्री बोट त्या नंबरवर जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, पहिला घोट गेल्याशिवाय बरं वाटत नसेल, तर मीटिंगला जायचं म्हणून आजपासून एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होणं, ताप, माणसं न ओळखणं असं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा, किती पिता ते खरं सांगा. थरथर आणि झटके थांबवायची औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व डॉक्टरच देतील. केमिस्टकडून परस्पर झोपेच्या गोळ्या नकोत. घरच्यांनाही सांगून ठेवा की जेवणात चोरून दारू सोडायचं औषध घालायचं नाही. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

'90 दिवसांत 90 मीटिंगा' हे तुमच्या कानावर पडेल. तालुक्याच्या गावी आठवड्याला एकच मीटिंग असली तर ते जमणार नाही, त्याने खचू नका. तेवढी एक प्रत्यक्ष करा, मधल्या दिवशी झूमवरच्या करा. तिथे कॅमेरा बंद ठेवता येतो आणि नाव बदलता येतं. पण फक्त झूमवर राहू नका, कॅमेरा बंद असला की अर्धं लक्ष मोबाइलवर जातं. पहिला गट रुचला नाही तर दुसरा बघा. गटागटाची तऱ्हा वेगळी असते, निदान 5-6 मीटिंगा झाल्याशिवाय ठरवू नका. आणि मधे कधी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यालात, तर पुढच्याच मीटिंगला जा, प्यालेले असलात तरी. मागच्या खुर्चीवर शांत बसा, फक्त गाडी स्वतः चालवत जाऊ नका.