लेचवर्थ स्टेट पार्क एका दिवसात पाहून होतं, की मुक्काम करावा?

मुक्कामच करा. न्यूयॉर्क राज्यातलं हे उद्यान जेनेसी नदीच्या खोल दरीला धरून सुमारे 27 किलोमीटर पसरलंय. तिन्ही मोठे धबधबे दक्षिण टोकाला आणि तंबूंची जागा उत्तरेकडे, त्यामुळे स्वतःची गाडी हवीच. मधल्या धबधब्याला लागूनच ग्लेन आयरिस इन आहे, विल्यम लेचवर्थ यांचं जुनं घर. तिथे खोली मिळाली तर अजिबात सोडू नका. पहाटे कठड्याशी उभी राहिले तेव्हा चष्मा तुषारांनी भरून गेला होता, तरी पाय निघेना! ऑक्टोबरात पानं रंगली की झुंबड उडते, बुकिंग काही महिने आधीच करा. खालच्या धबधब्याला शंभरावर पायऱ्या आहेत. सोबत आईबाबा असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर तो वगळा.