रांगा की थिंबल? गाडीच्या वायरिंगची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त एकाच भांडणाचे आहेत: वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी, म्हणजे टर्मिनल) दाबून, म्हणजे पंच करून बसवावं, की रांग्याचा (कथील-शिशाच्या सोल्डरचा) डाख द्यावा? इंदूरच्या सियागंज बाजारात विचारत फिरलात तर दुकानागणिक वेगळं उत्तर मिळेल. माझं मत थिंबलच्या बाजूचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ते बिनशर्त नाही.

प्रश्न : कारला जादाचे फॉग लाइट बसवून घेतले. ऑटो इलेक्ट्रिशियनने वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली. मेहुणे म्हणतात, सोल्डर करून घ्या. तो म्हणतो, हवं तर थिंबल पंच करून देतो. कुणाचं ऐकू? (सुदामानगर)

उत्तर : इलेक्ट्रिशियनचं ऐका, पण थिंबल तो कशाने पंच करतो ते आधी बघा. साध्या पक्कडीने चेपणार असेल तर मेहुणेच बरे.

पिळून टेप लावलेला जोड आधी काढायला सांगा. इंदूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि पहिल्या पावसात तांबं हिरवं पडायला लागतं. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट. एवढा करंट सैल पिळ्यातून न्यायचा म्हणजे शेगडी पेटवून ठेवायची.

आता मेहुण्यांचा मुद्दा. सोल्डर वीज नीट वाहून नेतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तो जातो कुठे याबद्दल. निरांजनाच्या फुलवातीत तूप चढतं, तसा वितळलेला रांगा वायरीच्या बारीक तारांमधून वर चढतो आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली चांगला सेंटिमीटरभर आत जातो. बाहेरून दिसत नाही. तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, त्याच्या पुढची वायर मात्र लवचीकच राहते. गाडी थरथरते तेव्हा सगळं वाकणं त्या एका सीमेवर येऊन पडतं आणि तारा तिथे एकेक करून तुटतात. जोड शाबूत आणि वायर आवरणाच्या आत तुटलेली, असला दोष शोधण्यात मी आयुष्याच्या किती दुपारी घालवल्या ते विचारू नका.

थिंबलचं तंत्र वेगळं आहे. नीट दाबलेल्या थिंबलमध्ये तारा नुसत्या धरलेल्या नसतात, इतक्या चेपलेल्या असतात की गोल तारेची षटकोनी होते. असा जोड आडवा कापून भिंगातून पाहिला तर मधमाश्यांचं पोळं दिसतं, फटी नाहीतच. दाबताना तांब्यावरचा ऑक्साइडचा थर फुटतो, स्वच्छ धातू धातूला भिडतो आणि आत हवा शिरायला जागा उरत नाही, म्हणून पुन्हा गंजही चढत नाही. कारखान्यातून येणाऱ्या वायरिंग सेटमध्ये टर्मिनलं अशीच लावतात. त्या पितळी टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्याला आवळते, मागची आवरणाला. मागच्या जोडीचं काम विजेचं नाहीच. हिसका तांब्यापर्यंत पोचू नये म्हणून ती असते. पक्कडीने चेपणारे कारागीर हीच मागची जोडी विसरतात.

तेव्हा फॉग लाइटला रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज हवेतच, वायर दीड चौरस मिलिमीटरची, थिंबल तिच्याच मापाचं, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव (तापवली की आवळणारी नळी), आणि जोडापासून चार बोटांवर वायर बॉडीला क्लिपने बांधलेली. वायर हललीच नाही तर मेहुण्यांचा सोल्डरही वर्षानुवर्षं टिकेल. पिवळ्या कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या डबीच्या) वायरी दिसल्या तर मात्र ना थिंबल ना रांगा. त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना हातच लावू देऊ नका.

प्रश्न : वडिलांची ई-रिक्षा आहे. बॅटरीच्या एका टोकाचं थिंबल इतकं तापतं की हात लावता येत नाही. दोनदा आत रांगा ओतून घेतला, दोन्ही वेळा महिन्याभरात वायर निसटली. (राऊ)

उत्तर : हिशेब मांडू, म्हणजे रांगा का टिकत नाही ते कळेल. ४८ व्होल्टची गाडी, म्हणजे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. बॅटऱ्यांची टोकं आठ, आणि सगळा करंट या आठही जोडांतून जातो. मोटर एक किलोवॅटची धरली तर साधारण २१ अँपिअर. सवाऱ्या भरून चढ चढताना ४० धरा. आता एका जोडाचा रोध फक्त १० मिलिओहम झाला, तर ४० अँपिअरला त्या बोटभर जागेत १६ वॅट उष्णता तयार होते. डाख द्यायची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे तुमचं थिंबल स्वतःच सोल्डरिंगची इस्त्री झालं आहे! रांगा १८३ अंशांपासूनच वितळू लागतो आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो. मऊ पडला की जोड सैल, सैल झाला की रोध वाढला, रोध वाढला की आणखी ताप.

मूळ दोष बहुधा मापाचा असावा. जाड वायर लहान थिंबलमध्ये शिरेना म्हणून चार-सहा तारा कापायच्या, किंवा उलट मोठ्या थिंबलमध्ये बारीक वायर घालून वर छिन्नी-हातोडा मारायचा, हे दोन्ही प्रकार रोज दिसतात. वायरीच्या मापाचं, कथलाचा मुलामा असलेलं तांब्याचं थिंबल घ्या आणि हायड्रॉलिक पंच असलेल्या दुकानातून षटकोनी डायमध्ये (साच्यात) दाबून आणा. वायरीचं तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापा. काळ्या तांब्यावर कुठलाच जोड बसत नाही. बॅटरीची टोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडी करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करा आणि वडिलांना हातातलं कडं, अंगठी काढून ठेवायला सांगा. पाना दोन टोकांत अडकला तर तो लाल होईपर्यंत बॅटरी थांबत नाही.

प्रश्न : आधी क्रिंप करून, म्हणजे थिंबल दाबून, वर सोल्डरचा थेंब सोडला तर दुप्पट मजबुती येणार नाही का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

उत्तर : ऐकायला पटतं, पण नाही. क्रिंप बरोबर असेल तर आत फट नसते, सोल्डरला जायला जागाच नाही. मग तो तारांतून मागे चढतो आणि वर सांगितलेला ताठपणा फुकट पदरात पडतो. क्रिंप चुकलेलं असेल तर थेंब ते दुरुस्त करत नाही, झाकतो.

याचाच उलटा प्रकारही टाळा: वायरीच्या टोकाला आधी रांगा लावून मग ते टोक स्क्रूखाली आवळणं. रांगा दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू न फिरताच जोड ढिला होतो. आणि डाख द्यायचाच असेल तर राळेचा फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावायचा लेप) वापरा. रेडिएटरवाल्यांचं जस्त घातलेलं तेजाब वायरीला लावलं तर ते आवरणाखाली राहून तांबं खात बसतं.

प्रश्न : घरी थोडंफार काम करायला कोणतं अवजार घ्यावं? (रामबाग)

उत्तर : रॅचेटचं क्रिंपिंग टूल. पुरतं दाबल्याशिवाय त्याचा जबडा उघडत नाही, हाच त्याचा गुण. अर्धवट दाबायची सोयच नाही. रंगीत प्लास्टिकच्या थिंबलांची मापं ठरलेली आहेत: लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळं अडीचपर्यंत, पिवळं चार ते सहा. उघड्या पितळी टर्मिनलसाठी डाय वेगळी लागते. लाल-निळ्याच्या डायमध्ये ती दाबू नका.

पहिली दहा थिंबलं वाया घालवायची तयारी ठेवा. प्रत्येक ओढून बघा: एक चौरस मिलिमीटरच्या वायरीवरचं चांगलं थिंबल दहा किलो गव्हाची पिशवी टांगली तरी निसटत नाही. घरात तराजूचा काटा असेल तर मोजाच. मुलांना या प्रयोगात फार मजा येते.

प्रश्न : मग सोल्डरिंग गाडीत कुठेच करू नये? (लोकमान्यनगर)

उत्तर : करा की. मीटरच्या आतली सर्किट प्लेट, फ्लॅशरच्या पोटातला सुटलेला पाय, तुटलेला एलईडी, तिथे सोल्डरशिवाय दुसरं काही चालतच नाही. प्लेट वायरीसारखी वाकत नाही, म्हणून.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर) स्कूटरचे इंडिकेटर वेडेवाकडे लागतात. मेकॅनिक सगळं वायरिंग बदला म्हणतो. (राजवाडा)

उत्तर : टँकरच्या फवाऱ्याखाली स्कूटर उभी केलीत, वर वायरिंगला बोल लावता! हँडलखालचा आणि सीटखालचा कपलर उघडा. आत गुलाबी पाणी नाहीतर वाळलेला रंग सापडेल. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवा. मग इंडिकेटर चालू ठेवून, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना टोकं टेकवा. चांगल्या जोडावर आकडा जवळपास शून्य येतो. अर्धा व्होल्ट दिसला तो जोड दोषी, तेवढाच बदला.